सत्ताविसाव्या वर्षी गिरवलेली मुळाक्षरे
चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांचा परिचय



चित्रकलेचा विषय निघाला की प्रत्येक वर्गात दोन गट पडतात. एका गटाचा हात चांगला आहे हे सर्वांनी मान्य केलेले असते. दुसऱ्या गटाने आपल्याला चित्र जमत नाही, असे पाचवी-सहावीतच ठरवून टाकलेले असते. पालकही ही वाटणी लवकर मान्य करतात, कारण रंग, कागद आणि शिकवणी यांचा खर्च वाचतो. या अंकात ज्या चित्रकाराची ओळख करून देत आहे, त्याची सूर्यफुले आणि तारांनी भरलेले आकाश तुमच्यापैकी अनेकांनी कॅलेंडरवर किंवा वहीच्या मुखपृष्ठावर पाहिले असेल. तोच माणूस सत्तावीस वर्षांचा असताना माणसाची साधी आकृतीही प्रमाणात काढू शकत नव्हता. चित्रकला त्याला जन्मतः मिळाली नाही. ती त्याने कशी शिकून घेतली, ते पाहू.

व्हिन्सेंटचा जन्म ३० मार्च १८५३ रोजी हॉलंडमधील झुंडर्ट या खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते. घरी सहा भावंडे, मान होता पण पैसा बेताचाच. आईला चित्रे काढण्याची आवड होती. लहानपणी तोही चित्रे काढत असे, पण त्यात विशेष काही आहे असे कोणाला वाटले नाही. पंधराव्या वर्षी त्याची शाळा सुटली आणि सोळाव्या वर्षी काकांच्या ओळखीने हेग शहरात गुपील नावाच्या चित्रविक्रीच्या पेढीत त्याला नोकरी लागली. हेग, लंडन, पॅरिस अशी सुमारे सात वर्षे त्याने चित्रे हाताळण्यात घालवली. १८७६ मध्ये ती नोकरी गेली. त्यानंतर इंग्लंडमध्ये शिक्षक, मग पुस्तकाच्या दुकानात नोकर, मग धर्मशास्त्राचा विद्यार्थी असे सर्व करून झाले. कुठेच जम बसला नाही.

१८७८च्या अखेरीस तो बेल्जियममधील बोरिनाज या कोळशाच्या खाणींच्या प्रदेशात धर्मप्रचारक म्हणून गेला. तेथील मजुरांची दैना पाहून त्याने आपले चांगले कपडेही वाटून टाकले आणि स्वतः झोपडीत राहू लागला. त्याच्या वरिष्ठांना हा अतिरेक वाटला आणि १८७९ मध्ये त्यांनी त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. आता नोकरी नव्हती, पैसा नव्हता आणि घरच्यांचा विश्वासही उरला नव्हता. १८८०च्या सुरुवातीला खिशात दहा फ्रँक घेऊन तो फ्रान्समधील कूरिएर या गावी निघाला. तिथे एका नामांकित चित्रकाराचा स्टुडिओ होता. बराचसा प्रवास पायी झाला, रात्री गवताच्या गंजीत काढल्या, आणि वाटेत स्वतःची काही रेखाटने देऊन त्याने पावाचे तुकडे मिळवले. स्टुडिओच्या दारापर्यंत पोहोचूनही आत जाण्याचे धैर्य झाले नाही. तो परतला, पण चित्रकार होण्याचे त्या वर्षी मनाशी पक्के करून.

आता प्रश्न होता शिकायचे कसे. कलाशाळेत जाण्याइतके पैसे नव्हते, जवळपास शिकवणारा कोणी नव्हता. क्वेम या खाणगावात एका मजुराच्या घरी तो राहत होता. खोली लहान आणि अंधारी, आणि तीही घरातल्या मुलांबरोबर वाटून घेतलेली. ऑगस्ट १८८० मध्ये त्याने दोन पत्रे लिहिली. एक धाकटा भाऊ थिओ याला. थिओ त्याच गुपील पेढीत नोकरीला होता. मिले या फ्रेंच चित्रकाराच्या शेतकामाच्या चित्रांच्या छापील प्रती असतील तर पाठव, अशी विनंती त्याने केली. दुसरे पत्र हेगच्या पेढीतील आपले जुने साहेब टेरस्टेख यांना. त्यांच्याकडे त्याने चित्रकलेच्या अभ्यासाचे तक्ते मागितले.

टेरस्टेख यांनी जे पाठवले ते शार्ल बार्ग याने तयार केलेले तक्ते होते. ही गुपील पेढीनेच प्रसिद्ध केलेली रेखाटनाची पाठ्यमाला होती. तिच्या एका भागात मनुष्याकृतीची साठ रेखाटने होती. या तक्त्यांमागची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. समोरची आकृती आधी मोजक्या सरळ रेघांत बसवायची, उंची-रुंदीचे प्रमाण जुळले की मगच वळणे आणि छाया. आपल्या बालवाडीत अक्षराआधी उभ्या-आडव्या रेघा गिरवून घेतात, तसाच हा प्रकार. सत्तावीस वर्षांचा, चार भाषा वाचणारा हा माणूस रोज ही मुळाक्षरे गिरवत बसला. साठच्या साठ तक्ते त्याने काही आठवड्यांत उतरवून काढले आणि पुढच्या काळात पुन्हा उतरवले. त्याच्या जोडीला मिलेच्या शेतकऱ्यांच्या चित्रांच्या नकला चालूच होत्या. खोलीत उजेड कमी पडे तेव्हा तो बाहेर बागेत बसून काम करी.

त्या काळातली त्याची स्वतःची चित्रे आजही उपलब्ध आहेत. बर्फातून खाणीकडे जाणाऱ्या मजुरांचे एक रेखाटन आहे. माणसे लाकडी बाहुल्यांसारखी ताठ दिसतात. आज आपल्या शाळेतील एखाद्या विद्यार्थ्याने तसे चित्र दिले तर त्याला साधारणच गुण मिळतील. पण व्हिन्सेंटला आपल्या चित्रातील दोष दिसत होते. सात वर्षे चांगली चित्रे पाहून त्याची नजर तयार झाली होती, हात मात्र मागे राहिला होता. पुढची दहा वर्षे त्याने हाताला नजरेपर्यंत आणण्यात घालवली.

ऑक्टोबर १८८० मध्ये तो ब्रुसेल्सला गेला. तिथे रॅपार्ड नावाचा सुखवस्तू घरातील तरुण चित्रकार त्याचा मित्र झाला. व्हिन्सेंटने शरीररचना आणि यथार्थदर्शन, म्हणजे दूरच्या वस्तू लहान दिसण्याचे नियम, यांचा अभ्यास केला. १८८१ मध्ये तो आईवडिलांकडे एटन या गावी परतला आणि शेतात खणणारे, पेरणारे मजूर समोर उभे करून काढू लागला. त्याच वर्षाच्या शेवटी नात्यातील चित्रकार अँटन मॉव्ह यांनी त्याला जलरंग आणि तैलरंगाचे पहिले धडे दिले.

१८८२ मध्ये हेगला राहत असताना अॅमस्टरडॅमच्या काकांनी त्याला शहराच्या दृश्यांची बारा पेन-रेखाटने सांगितली. प्रत्येकी अडीच गिल्डर. ही त्याची पहिली मोठी मागणी. मात्र ज्या टेरस्टेख यांनी तक्ते पाठवले होते त्यांना त्याची चित्रे विकण्याजोगी वाटत नव्हती आणि त्याने स्वतःचे पोट स्वतः भरावे असे ते सुनावत. बहुतेक पालकांनाही तेच वाटले असते, म्हणून त्यांना सरसकट दोष देता येत नाही. पण दोन वर्षांपूर्वी त्यांनी पाठवलेल्या कागदांचा उपकार त्यामुळे कमी होत नाही.

याच काळात त्याने कमी खर्चातून मार्ग कसे काढले ते विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. दूरचे रस्ते आणि शेते कागदावर नीट बसत नव्हती, तेव्हा त्याने सुतार आणि लोहाराकडून एक चौकट करून घेतली. चौकटीत उभ्या, आडव्या आणि तिरप्या तारा ताणलेल्या. ती दोन खुंटांवर जमिनीत उभी करायची आणि खिडकीतून पाहावे तसे तिच्यातून पाहायचे. कोणती गोष्ट कोणत्या रेषेजवळ येते ते कळले की तेवढ्याच रेघा कागदावर आखून चित्र बसवायचे. महागड्या पेन्सिलीऐवजी तो सुतारकामाची जाड पेन्सिल वापरी आणि तिची चमक मारण्यासाठी चित्रावर पाणी घातलेले दूध लावी. इंग्रजी साप्ताहिकांतील चित्रे कापून त्याने मोठा संग्रह केला. १८८३च्या सुरुवातीला एका साप्ताहिकाचे एकवीस जुने खंड त्याने एका गिल्डरला एक या दराने घेतले. जुनी मासिके हेच त्याचे चित्रसंग्रहालय होते.

न्यूनन या गावी १८८४-८५च्या हिवाळ्यात त्याने शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांचे कितीतरी अभ्यास केले आणि मगच १८८५ मध्ये बटाटे खाणाऱ्या कुटुंबाचे प्रसिद्ध चित्र रंगवले. त्यानंतरही १८८६च्या आरंभी अँटवर्पच्या कला अकादमीत त्याने नाव घातले. तो तिथून निघून गेल्यावर परीक्षकांनी त्याला खालच्या वर्गात बसवण्याचा निर्णय दिला! पुढे पॅरिसमध्ये त्याचे रंग उजळले. १८८८ मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेकडील आर्ल येथे त्याने तिथल्याच वेताच्या काड्या तासून बोरू केले. ठिपके, रेघा, वळसे यांतून गव्हाची शेते आणि वारा उभा करणारी ती रेखाटने आज जगातील उत्तम रेखाटनांत गणली जातात.

१८८८च्या अखेरीस मानसिक आजाराने त्याला गाठले. मे १८८९ पासून वर्षभर तो सँ-रेमी येथील रुग्णालयात होता. तिथेही मिलेची तीच शेतकामाची चित्रे त्याने पुढे घेतली आणि या वेळी ती रंगांत उतरवली. मे १८९० मध्ये तो ओव्हेर या गावी आला. त्या वेळी त्याने थिओकडे पुन्हा काय मागितले असेल? बार्गचे तेच साठ तक्ते. मनुष्याकृतीचा अभ्यास पुन्हा पहिल्यापासून करण्याचा त्याचा विचार होता. तो पुरा झाला नाही. बंदुकीच्या गोळीच्या जखमेने २९ जुलै १८९० रोजी त्याचा मृत्यू झाला. वय अवघे सदतीस.

दहा वर्षांत सुमारे साडेआठशे तैलचित्रे आणि हजाराहून अधिक रेखाटने त्याने केली. हयातीत त्यातली अगदी थोडी विकली गेली. कागद, रंग, खोलीचे भाडे हे सारे थिओने दरमहा पाठवलेल्या पैशांतून चालले. मोबदल्यात व्हिन्सेंट आपली चित्रे त्याला पाठवत असे. सहा महिन्यांनी थिओही गेला. त्याची पत्नी योहाना हिने चित्रे सांभाळली, प्रदर्शने भरवली आणि १९१४ मध्ये दोघा भावांची पत्रे प्रसिद्ध केली. आपल्याला हे चरित्र इतके तपशीलवार ठाऊक आहे ते या पत्रांमुळे.

विद्यार्थ्यांनी यातून एक काम घ्यावे. जुन्या पाटीच्या किंवा फोटोच्या रिकाम्या चौकटीला दोरे बांधा, कागदावर तितकेच चौकोन आखा आणि घराच्या खिडकीतून दिसणारे काढून पाहा. पहिली दहा चित्रे वाकडीच येतील. ती फाडू नका, तारीख घालून ठेवा. पालकांनी कॅलेंडरच्या कोऱ्या पाठी रद्दीत घालू नयेत, आणि चित्र कशासारखे दिसते हे विचारण्याची घाई करू नये.

विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे की वाचनालयातील चित्रांची पुस्तके कपाटात कुलूपबंद न ठेवता मुलांना घरी नेऊ द्यावीत. पाने मळतील, एखादे पुस्तक परतही येणार नाही. खाणगावातल्या त्या अंधाऱ्या खोलीत कोणी तक्ते पाठवलेच नसते, तर जगाचे किती नुकसान झाले असते याचा विचार करावा आणि एवढा तोटा शाळेने सोसावा.

— मुख्याध्यापक