मुधोजी भोसले (दुसरे) ऊर्फ आप्पासाहेब

मुधोजी भोसले (दुसरे) ऊर्फ आप्पासाहेब भोसले (इ.स. १७९६ – १५ जुलै, इ.स. १८४०) हे नागपूरकर भोसले घराण्यातील एक राज्यकर्ते होत. इ.स. १८१६ मध्ये ते राज्याचे कारभारी झाले आणि इ.स. १८१७ ते १८१८ या अल्प काळात प्रत्यक्ष गादीवर होते. ईस्ट इंडिया कंपनीशी तैनाती फौजेचा करार केल्यानंतर दीड वर्षाच्या आतच त्यांनी कंपनीविरुद्ध लढणाऱ्या पेशव्यांची बाजू घेतली. त्यातून सीताबर्डीची लढाई झाली आणि अखेरीस त्यांना राज्य गमवावे लागले. पेशव्यांच्या आणि त्यांच्या फौजांची भेट चांदा (सध्याचे चंद्रपूर) येथे घडवून आणण्याचा त्यांचा बेत होता. तो सिद्धीस गेला नाही.

घराणे आणि चांदा

आप्पासाहेब हे व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू भोसले यांचे पुत्र आणि दुसरे रघूजी भोसले यांचे पुतणे होते. पहिल्या रघूजींनी इ.स. १७५१ मध्ये चांद्याचे गोंड राज्य आपल्या ताब्यात घेतले होते. त्यांच्या पश्चात चांदा आणि छत्तीसगड हे प्रांत गादीवर नसलेल्या भावाच्या वाट्याला देण्याची रीत पडली. आधी पहिल्या मुधोजींकडे आणि पुढे 'सेनाधुरंधर' या किताबासह व्यंकोजींकडे ते आले. व्यंकोजींचा मृत्यू इ.स. १८११ मध्ये काशी येथे झाला. चांदा हे त्यामुळे आप्पासाहेबांच्या दृष्टीने राज्यातील अनेक किल्ल्यांपैकी एक नव्हते. ते त्यांच्या शाखेचे ठाणे होते.

इरई आणि झरपट या नद्यांच्या संगमाजवळ वसलेल्या या शहराभोवती गोंड राजांनी बांधलेला सुमारे ११ किलोमीटर लांबीचा दगडी परकोट आहे. पश्चिमेस वर्धा नदी, पूर्वेस वैनगंगा आणि तिच्या पलीकडे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील दाट अरण्य, अशी त्याची स्थिती होती. अरण्यातील प्रदेश जमीनदारांच्या हाती असे व तेथे नागपूरचा अंमल नावापुरताच चाले.

नागपूर आणि पुणे यांचे नाते

पुण्याला मदत करावी की नाही, हा प्रश्न नागपूर दरबारात इतका अवघड का ठरला, हे समजण्यासाठी या दोन सत्तांचे नाते ध्यानात घ्यावे लागते. भोसल्यांचे 'सेनासाहेब सुभा' हे पद सातारच्या छत्रपतींनी दिलेले होते आणि नव्या राजाला वस्त्रे पुण्याहून येत. व्यवहारात मात्र नागपूरची फौज, महसूल, वकील आणि तह सर्व स्वतंत्र होते. पेशवे आणि भोसले यांच्यात पूर्वी युद्धेही झाली होती. त्यामुळे पुणे हे नागपूरचे वरिष्ठ की शेजारचे दुसरे राज्य, याचे उत्तर ज्याच्या त्याच्या सोयीने दिले जाई.

एक कटू अनुभवही गाठीशी होता. दुसऱ्या बाजीरावांनी ३१ डिसेंबर, १८०२ रोजी वसईचा तह करून कंपनीचे संरक्षण स्वीकारले, तेव्हा दुसरे रघूजी आणि दौलतराव शिंदे यांनी त्याविरुद्ध शस्त्र उचलले. असई, अडगाव आणि गाविलगड येथे त्यांचा पराभव झाला. १७ डिसेंबर, १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक आणि वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड नागपूरच्या हातून गेले. ज्या पेशव्यांच्या तहामुळे हे युद्ध पेटले, ते स्वतः मात्र कंपनीच्या आश्रयाने पुण्यात सुखरूप होते. यानंतर रघूजींनी परराज्यासाठी पुन्हा युद्ध ओढवून घेतले नाही. तैनाती फौज स्वीकारण्यासही ते अखेरपर्यंत नकार देत राहिले.

तैनाती करार

रघूजींचे निधन २२ मार्च, १८१६ रोजी झाले. त्यांचे पुत्र परसोजी शरीराने व बुद्धीने दुर्बल असल्याने कारभार कोणी पाहावा यावरून राजवाड्यात दोन तट पडले. बाकाबाई आणि धर्माजी भोसले यांच्या गटाला बाजूस सारून आप्पासाहेब कारभारी झाले. हे स्थान पक्के करण्यासाठी त्यांना बाहेरचा आधार हवा होता, तो त्यांनी कंपनीकडे शोधला. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्याशी नागोपंत आणि नारायणपंत यांच्यामार्फत गुप्त बोलणी होऊन २७ मे, १८१६ च्या रात्री तहावर सही झाली. तैनाती फौजेच्या खर्चासाठी नागपूरने दरसाल साडेसात लाख रुपये द्यावेत, ३,००० स्वार आणि २,००० पायदळ स्वखर्चाने सज्ज ठेवावे आणि परराज्यांशी कंपनीच्या अनुमतीशिवाय व्यवहार करू नये, असे त्यात ठरले. चुलत्यांनी आयुष्यभर टाळलेली गोष्ट पुतण्याने सत्तेवर येताच काही आठवड्यांत मान्य केली, ती राज्याच्या रक्षणासाठी जितकी तितकीच स्वतःच्या रक्षणासाठी होती.

इ.स. १८१७ च्या आरंभी आप्पासाहेब चांद्यास गेले. ते तेथे असताना १ फेब्रुवारी रोजी परसोजी नागपुरात अंथरुणात मृतावस्थेत आढळले. गादीचा मार्ग मोकळा झाला आणि एप्रिलमध्ये आप्पासाहेबांचा राज्याभिषेक झाला. परसोजींचा खून झाल्याचा व त्यामागे आप्पासाहेब असल्याचा आरोप कंपनीने नंतर ठेवला. गादीवर बसताना तिने ही चौकशी केली नव्हती, याची नोंद घ्यावयास हवी.

पुण्याच्या मदतीचा प्रश्न

राजा झाल्यावर आप्पासाहेबांना तैनाती फौजेचा खर्च आणि रेसिडेंटची देखरेख दोन्ही जाचू लागली. पुण्याशी त्यांचा गुप्त पत्रव्यवहार सुरू झाला. तिकडे १३ जून, १८१७ च्या पुणे येथील तहाने कंपनीने बाजीरावांकडून मराठा मंडळाचे प्रमुखपद सोडल्याचे लिहून घेतले होते. ५ नोव्हेंबर रोजी खडकी येथे पेशव्यांच्या फौजेने कंपनीवर चाल केली आणि युद्धास तोंड लागले. १७ नोव्हेंबर रोजी पुणे कंपनीच्या हाती गेले.

नागपूर दरबारात यावरून स्पष्ट दोन पक्ष होते. तह घडवून आणणारे नारायणपंत युद्धाच्या विरुद्ध होते. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ होते. स्वतःच्या सहीचा तह मोडावा लागणार होता, कंपनीची फौज राजधानीच्या उंबरठ्यावर होती, इ.स. १८०३ ची किंमत अजून विसरली गेली नव्हती आणि नागपुरातून पुण्यास वेळेवर कुमक पोचणे अंतरामुळेच अशक्य होते. शिवाय खडकीच्या लढाईच्या दिवशीच, म्हणजे ५ नोव्हेंबरला, शिंद्यांनी ग्वाल्हेर येथे कंपनीशी तह केला होता.

गणपतराव सुभेदार, मनभट आणि अरब शिपायांचे जमादार यांचा पक्ष युद्धाचा होता. पुणे नामशेष झाले तर नागपूरला कंपनीविरुद्ध उभे राहण्यास कोणी साथीदार उरणार नव्हता. पेंढाऱ्यांविरुद्धच्या मोहिमेसाठी कंपनीच्या फौजा दूरवर पांगल्या होत्या आणि नागपुरात तिची जेमतेम १,४०० माणसे उरली होती. पुण्यास फौज पाठवणे शक्य नसले, तरी नागपुरातच कंपनीला गुंतवून ठेवणे शक्य होते. लष्करी दृष्टीने हा विचार चुकीचा नव्हता. मात्र त्यासाठी त्वरा आणि ठामपणा आवश्यक होता. आप्पासाहेबांनी दोन्ही पक्षांना आशेवर ठेवले. त्यांनी एकीकडे जेंकिन्सला मैत्रीची ग्वाही दिली व दुसरीकडे फौज जमा केली.

२४ नोव्हेंबर रोजी त्यांनी पेशव्यांकडून आलेली वस्त्रे, जरीपटका आणि सेनापतिपद भर दरबारात स्वीकारले. आप्पासाहेबांच्या दृष्टीने हा परंपरागत मान होता. कंपनीच्या दृष्टीने, जिच्याशी युद्ध चालू आहे त्या सत्तेची चाकरी पत्करल्याची ती जाहीर घोषणा होती. जेंकिन्सने समारंभास जाण्यास नकार दिला. पुणे पडून त्या दिवशी आठवडा झाला होता.

सीताबर्डीची लढाई

कंपनीची फौज तेलंखेडीच्या छावणीतून २५ नोव्हेंबर रोजी रेसिडेन्सीजवळच्या सीताबर्डीच्या टेकड्यांवर आली. २६ नोव्हेंबरच्या सायंकाळी गोळीबार सुरू झाला व तो रात्रभर चालला. भोसल्यांकडे सुमारे १८,००० फौज असून तीत अरबांची तुकडी सर्वांत कडवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अरबांनी लहान टेकडी जिंकली आणि मोठी टेकडीही पडणार अशी स्थिती आली. याच वेळी कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने मैदानात उतरून भोसल्यांच्या स्वारांना मागे रेटले, टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट होऊन अरबांत गोंधळ उडाला आणि कंपनीने ती टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत लढाई संपली. कंपनीची ३६७ माणसे मृत वा जखमी झाली, म्हणजे जवळजवळ दर चार माणसांमागे एक.

पराभवानंतर आप्पासाहेबांनी हल्ला आपल्या हुकमाविना झाल्याचे जेंकिन्सला कळवले. कंपनीला यामुळे जादा फौज येईपर्यंतचा अवधी मिळाला, तर लढणाऱ्यांचा राजावरील भरवसा उडाला. जनरल डव्हटनची फौज आल्यावर १६ डिसेंबर रोजी आप्पासाहेब स्वाधीन झाले. त्यांचे सैन्य मात्र झाले नाही. गणपतराव आणि मनभट यांच्या फौजेने त्याच दिवशी लढाई दिली, आणि शहरातील अरबांनी २४ डिसेंबरचा हल्ला परतवून डिसेंबरअखेर अटींवरच शहर सोडले. गणपतराव उरलेल्या स्वारांसह पेशव्यांना जाऊन मिळाले.

चांद्याचा बेत

६ जानेवारी, १८१८ च्या करारान्वये आप्पासाहेबांना गादी परत मिळाली. परंतु नर्मदाकाठचा प्रदेश, वऱ्हाडातील उरलेला भाग आणि कारभारातील स्वातंत्र्य त्यांना सोडावे लागले. राज्य नावापुरते उरल्यावर त्यांनी पुन्हा बाजीरावांना पत्रे धाडली. या वेळी मदतीची दिशा उलटी होती. पेशव्यांनी चांद्याकडे यावे, आपणही तेथे येऊन मिळू, असा तो बेत होता. मंडला आणि चौरागड येथील किल्लेदारांना किल्ले कंपनीच्या ताब्यात न देण्याची सूचना गेली.

स्थळाची निवड विचारपूर्वक होती. चांद्याचा परकोट मजबूत होता, रसद अडवणे सोपे नव्हते आणि पावसाळा लागला की नद्यांमुळे पाठलाग थांबला असता. पराभव झालाच तर पूर्वेकडील अरण्यात शिरण्याची वाट मोकळी होती. परंतु पत्रे जेंकिन्सच्या हाती लागली आणि १५ मार्च, १८१८ रोजी आप्पासाहेब, नागोपंत व रामचंद्र वाघ यांना अटक झाली.

फेब्रुवारीत अष्टी येथे बापू गोखले पडल्यानंतर भटकत असलेले बाजीराव एप्रिलच्या आरंभी खरोखरच वर्धा नदीच्या परिसरात आले. चांदा दोन-तीन मजलांवर होते, पण बोलावणारा राजा कैदेत होता. नागपूरहून आलेल्या कंपनीच्या तुकडीने वणीच्या बाजूस त्यांची वाट अडवली. पांढरकवड्याच्या परिसरात ते काही दिवस रेंगाळले आणि १७ एप्रिल रोजी कर्नल अ‍ॅडम्सने सिवनी येथे त्यांच्या फौजेची दाणादाण उडवली. ३ जून रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले.

सिवनीनंतर अ‍ॅडम्स चांद्यावर वळला व ९ मे रोजी तेथे पोचला. राजा कैदेत आणि पेशवे दूर गेलेले असतानाही किल्लेदार गंगासिंह याने शहर सोडण्यास नकार दिला. तोफांनी परकोटास खिंडार पडल्यावर २० मेच्या सकाळी कंपनीची फौज आत शिरली. गंगासिंह लढताना मारला गेला. आप्पासाहेबांच्या बेतातील आपला वाटा पूर्ण उचलणारा मनुष्य म्हणून त्याचेच नाव घ्यावे लागते.

पलायन आणि अखेर

आप्पासाहेबांना प्रयागच्या किल्ल्यात नेले जात होते. चांद्याचा वेढा चालू असतानाच, १३ मेच्या पहाटे, जबलपूरजवळील रायचूर या मुक्कामातून ते शिपायाच्या वेषात निसटले. चांद्याची वाट बंद असल्याने ते महादेवाच्या डोंगरात शिरले. तेथील गोंड प्रमुखांनी, विशेषतः हर्रईच्या चैनशहाने, त्यांना आश्रय दिला. जुलैमध्ये बैतूलजवळ कॅप्टन स्पार्क्सची तुकडी त्यांच्या लोकांनी कापून काढली. नागपुरात मात्र २६ जून रोजीच दुसऱ्या रघूजींचे नातू बाजीबा यांना तिसरे रघूजी म्हणून गादीवर बसवण्यात आले होते. कारभार जेंकिन्सने हाती घेतला.

फेब्रुवारी १८१९ मध्ये आप्पासाहेब पेंढारी सरदार चितूसह अशीरगडाकडे निसटले. ९ एप्रिल रोजी तो किल्ला पडला, पण आप्पासाहेब त्यात सापडले नाहीत. साधूच्या वेषात ते पंजाबात गेले. इ.स. १८०९ च्या अमृतसरच्या तहाने कंपनीशी बांधलेल्या रणजितसिंहांच्या राज्यात त्यांना कायमचा थारा मिळाला नाही. काही काळ मंडी संस्थानात काढून ते जोधपूरला पोचले. जोधपूरनेही इ.स. १८१८ मध्ये कंपनीशी तह केला होता; तरी शरणागतास स्वाधीन करण्याची कंपनीची मागणी महाराजा मानसिंह यांनी नाकारली आणि जोधपूरच्या महामंदिरात त्यांना ठेवून घेतले. त्यांच्या वर्तनाची हमी मानसिंहांनी दिल्यावर कंपनीने आग्रह सोडला.

१५ जुलै, १८४० रोजी जोधपूर येथेच आप्पासाहेबांचे निधन झाले. तिसरे रघूजी इ.स. १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि पुढील वर्षी लॉर्ड डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. त्याबरोबर चांदा व त्यापलीकडील जमीनदाऱ्या कंपनीच्या मुलखात गेल्या.