सहा आलेखांचा एकच आधार

ईसीजीच्या कागदावरील ‘व्ही १’ ते ‘व्ही ६’ या आलेखांचे श्रेय अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे डॉ. फ्रँक विल्सन (१८९०-१९५२) यांच्याकडे जाते. छातीवरील एका जागेचा विद्युतदाब मोजायचा, तर कशाच्या तुलनेत, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. १९३४ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी उत्तर मांडले: दोन्ही हात आणि डावा पाय प्रत्येकी ५००० ओहमच्या रेझिस्टरमधून एकत्र जोडायचे, तो बिंदू सर्वांचा सामाईक आधार. त्यामुळे झटक्यात हृदयाच्या कोणत्या भागाला इजा झाली, हे ओळखणे सोपे झाले. आजच्या यंत्रांत उजव्या पायाची तारही सामाईकच असते. ती शरीरात शिरलेली विजेची खरखर उलटी करून परत देते. म्हणूनच हातापायाची एक तार सैल झाली, तरी सहाही आलेख बिघडू शकतात.