देवळाच्या भिंतीवर शिवराय काढणारा पोरगा, ज्याने पुढे पुण्यातला अश्वारूढ पुतळा घडवला

नवी मुंबईकरांचा वीकेंड म्हणजे अलिबाग. पनवेल, पेण, वडखळचं ट्रॅफिक आणि मग समुद्र. पण अलिबाग-रेवस रस्त्यावरच्या सासवणे गावात एक घर आहे, तिथे गाड्या फारशा थांबत नाहीत.

हे घर शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचं.

१८९१ साली याच गावात त्यांचा जन्म झाला. घरात गणपतीच्या मूर्ती व्हायच्या, त्यामुळे मातीत हात लहानपणापासूनच. पोराने गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. ते कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेस पडलं आणि त्यांनी मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट दाखवली. पुढे सुरेंद्रनाथ टागोरांमुळे कलकत्त्यात काम मिळालं, १९२० मध्ये लंडनची रॉयल अकॅडमी झाली.

आता मुख्य किस्सा.

पुण्यात महाराजांचं स्मारक व्हावं हा ध्यास कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा. १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी झाली, पण पुढच्याच वर्षी शाहू महाराज गेले. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी काम हाती घेतलं, तर १९२५ मध्ये तेही गेले. पाया तयार, पुतळ्याचा पत्ता नाही. शेवटी हे काम करमरकरांकडे आलं.

एवढा मोठा पुतळा सहसा तुकड्यातुकड्यांत ओततात आणि नंतर सांधतात. एखादा भाग फसला तर तेवढाच पुन्हा करता येतो. करमरकरांनी मात्र घोडा आणि स्वार अखंड ओतायचं ठरवलं. म्हणजे वितळलेला धातू साच्यात मध्येच कुठे अडला, तर सगळी मेहनत भंगारात. त्यात माणूस पस्तिशीतला, डोक्यावर दोन राजघराण्यांचं अर्धवट राहिलेलं काम. ही जोखीम कोणी उगाच घेत नाही.

माझगाव डॉकमध्ये ओतकाम झालं आणि ते साधलं. सुमारे साडेतेरा फूट उंच, आठेक टनांचा पुतळा रेल्वेने पुण्याला गेला. १६ जून १९२८ रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते अनावरण झालं. शिवाजीनगरच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो आजही उभा आहे.

यानंतर मोठ्या लोकांचे पुतळे ते करत राहिलेच. पण खरी मजा त्यांच्या सिमेंटच्या कामात आहे. सिमेंट म्हणजे घर बांधायची वस्तू, ब्राँझपुढे तिला कोण विचारतो? करमरकरांनी त्यात आपल्या आजूबाजूची माणसं आणली. शंख फुंकणारी मुलगी, कोळीण.

१९६२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९६७ मध्ये ते गेले. सासवण्याच्या घराचं आता संग्रहालय झालंय. फाटकातून आत शिरलं की अंगणातली म्हैस आधी दिसते. ती सिमेंटची आहे.