चित्रकार मुरिल्यो

स्पेनमधील सेव्हिल नगरीत १६१७ साली एका न्हावी-शस्त्रवैद्याच्या घरी बार्तोलोमे मुरिल्यो जन्मला. दहाव्या वर्षाच्या सुमारास तो पोरका झाला. १६४९ च्या महामारीत नगरीची सुमारे निम्मी वस्ती नाहीशी झाली. १६६५ मध्ये तो दीनसेवा करणाऱ्या एका बंधुमंडळाचा सभासद झाला. त्याच मंडळाच्या रुग्णालयातील देवळासाठी त्याने बेथेस्दा तळ्याकाठचा पक्षघाती रंगविला. अडतीस वर्षे आजारी, पण पाण्यात उतरविणारा कोणी नाही! आमच्या सातपुड्याच्या पाड्यांवर आजाऱ्याची झोळी उचलावयास निदान चार खांदे तरी मिळतात. प्रभू येशू हात पुढे करीत आहेत, रोग्याने दोन्ही हात पसरले आहेत. बरे होणे अजून घडावयाचे आहे. हाच क्षण त्याने निवडला, याचे आम्हांस विशेष वाटते. १६८२ मध्ये मुरिल्यो वारला. नेपोलियनच्या युद्धात एका फ्रेंच सेनापतीने ते चित्र नेले. आता ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.