चिमण्या मोजणारा मुलगा

दिवाळी सरते, रब्बीच्या पेरण्या आटोपतात आणि हिंगोली जिल्ह्यात पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर जलाशयाच्या काठी पहाटे गारवा जाणवू लागतो. मराठवाड्यातल्या अशा तलावांवर हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक, चक्रवाक असे उत्तरेकडचे पाहुणे उतरतात. दुर्बीण घेऊन त्यांना पाहायला निघणाऱ्याने डॉ. सालिम अली यांचे चरित्र आधी जाणून घ्यावे. पक्षी नुसते पाहू नयेत, मोजून लिहूनही ठेवावेत, हे आपल्याला शिकवले ते त्यांनीच.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना सांभाळले. हातात छऱ्यांची बंदूक होती आणि शिकारीची हौस होती. घरच्या तबेल्यात एका चिमणीचे घरटे होते. तिथला नर मारला की मादी दुसरा जोडीदार आणी. सात दिवसांत आठ नर मारले गेले. निर्दय खेळच तो! पण त्या पोराने हे सारे वहीत टिपून ठेवले. त्या नोंदी सुमारे साठ वर्षांनी छापल्या गेल्या.

पुढे गळ्यावर पिवळा ठिपका असलेली एक चिमणी हाती लागली. ती कोणती, हे विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले. तिथल्या मिलार्डसाहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली आणि मुलाच्या आयुष्याला दिशा मिळाली.

वाट मात्र सोपी नव्हती. विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. संग्रहालयातल्या नोकरीतून रजा घेऊन ते बर्लिनला प्राध्यापक स्ट्रेझमान यांच्याकडे शिकले. १९३० साली परतले, तेव्हा नोकरी नव्हती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले. तिथे सुगरणीचे निरीक्षण करताना दिसले, की नर अर्धे घरटे विणतो, मादीला ते पसंत पडले तर पुरे करतो आणि मग दुसरे विणायला घेतो. रिकामपणातून असे मोलाचे संशोधन झाले.

मग त्यांनी संस्थानांपुढे एक प्रस्ताव ठेवला. फक्त खर्च द्या, पक्ष्यांची पाहणी मी विनामोबदला करतो. हैदराबाद संस्थानाने तो मानला आणि १९३१-३२ मध्ये त्यांनी मुक्काम हलवत पाहणी केली. तेहमिनाही सोबत होत्या. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात, परभणी जिल्ह्यात होता. पूर्णेवर सिद्धेश्वर धरण नव्हते. ते १९६० च्या दशकात झाले. धरणाआधीच्या काळातील या मुलखाची पक्षिनोंद म्हणून त्या पाहणीचे मोल आज कळते. कालचे माहीत असेल तरच आज काय वाढले, काय हरवले, हे सांगता येते.

१९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. त्या दुःखातही काम थांबले नाही. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सचित्र पुस्तक निघाले आणि सामान्य वाचकाच्या हाती पक्षी ओळखण्याचे साधन आले. रिप्ले यांच्यासह त्यांनी लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९७४ मध्ये पुरा झाला. १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. जून १९८७ मध्ये, नव्वदीत, ते गेले. त्याच वर्षी आशियातील पाणपक्ष्यांची जानेवारीतली वार्षिक गणना सुरू झाली. महाराष्ट्रात त्यांच्या जन्मदिनापर्यंत, ५ ते १२ नोव्हेंबर, पक्षी सप्ताह पाळला जातो.

सहलीला जायचे तर उजाडताच, सूर्य पाठीशी ठेवून काठावर बसावे. थवा मोठा असेल तर दहा-दहाच्या गटाने मोजावा. तारीख, वेळ, ठिकाण लिहावे. जाणे जमले नाही तरी अंगणात साळुंकी, बुलबुल, दयाळ, चिमणी आहेतच. पंधरा मिनिटे बसून त्यांचे आकडे लिहावेत. आणि चिमणी दिसलीच नाही तर तेही जरूर लिहावे. उद्या कोणी विचारले तर त्या शून्याचीच किंमत सर्वांत मोठी ठरेल.