बाकावर बसलेला कप्तान : लू गेरिग

तुमच्यापैकी बरेच जण मराठीचा तास संपला की लगेच खेळाच्या सरावाला पळता. मग एक प्रश्न तुमच्या चांगल्या ओळखीचा असेल. आज मैदानात कोण उतरणार आणि बाकावर कोण बसणार? नवीन मुलाला बसवणं सोपं असतं. पण संघातला सगळ्यात मोठा खेळाडू थकला असेल तर? त्याला बस म्हणून कोण सांगणार? आजची गोष्ट अशाच एका खेळाडूची आहे.

लू गेरिगचा जन्म १९ जून १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. त्याचे आईवडील जर्मनीहून आले होते. तुमच्या घरी मराठी बोलतात ना, तशी त्याच्या घरी जर्मन बोलली जायची. चार भावंडांपैकी तो एकटाच जगला. वडील वरचेवर आजारी असत, त्यामुळे आई लोकांकडे स्वयंपाक आणि साफसफाई करून घर चालवायची. मुलानं इंजिनिअर व्हावं, असं तिला फार वाटे. लू कोलंबिया विद्यापीठात शिकायलाही गेला. पण घरी पैशांची चणचण होती आणि याच्या बॅटमध्ये ताकद होती. १९२३ साली त्यानं न्यूयॉर्क यांकीज संघाशी करार केला.

पहिली दोन वर्षं त्याला फारसं खेळायला मिळालं नाही, कारण पहिल्या बेसवर वॉली पिप हा अनुभवी खेळाडू होता. १९२५ साली यांकीज एकामागून एक सामने हरू लागले आणि ३२ वर्षांच्या पिपच्या बॅटमधूनही धावा निघेनात. मॅनेजर मिलर हगिन्सनं संघात बदल करायचं ठरवलं. २ जून १९२५ रोजी पिप बाकावर बसला आणि २१ वर्षांचा लू पहिल्या बेसवर उभा राहिला. पिपला ती जागा पुन्हा मिळाली नाही.

आदल्याच दिवशी लू एका सामन्यात बदली फलंदाज म्हणून आला होता. तिथून जी मालिका सुरू झाली ती जवळजवळ चौदा वर्षं चालली. बोट मोडलं, पाठ धरली, डोक्याला चेंडू लागला, तरी लू खेळतच राहिला. एकही सामना चुकवला नाही. १९२७ आणि १९३६ या दोन्ही वर्षी तो लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे तो संघाचा कप्तानही झाला.

आता एक गंमत बघा. जुलै १९३४ मध्ये त्याची पाठ इतकी दुखत होती की सरळ उभं राहणंही कठीण झालं होतं. मॅनेजर जो मॅकार्थीनं काय केलं? यादीत लूचं नाव पहिल्या क्रमांकाचा फलंदाज म्हणून लिहिलं. लू आला, एक हिट मारला आणि लगेच बाहेर गेला. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्याच सामन्यात परत येऊ शकत नाही. म्हणजे लूच्या मालिकेसाठी मॅकार्थीनं एक राखीव खेळाडू पहिल्याच डावात वापरून टाकला. संघाला त्याची किंमत मोजावी लागते, पण लूसाठी त्यानं ती मोजली.

नंतर मात्र आकडे उतरू लागले. लूचे होम रन १९३६ मध्ये ४९ होते. पुढच्या वर्षी ३७ झाले आणि १९३८ मध्ये २९. लोक म्हणू लागले, वय झालं. १९३९ च्या सुरुवातीला तर आठ सामन्यांत २८ संधी मिळून त्याचे फक्त चार हिट झाले. धावताना पाय जड पडायचे. आजकाल अशा खेळाडूला नुसती फलंदाजी करायला ठेवता येतं, क्षेत्ररक्षणाला दुसरा कोणी उतरतो. पण अमेरिकन लीगमध्ये तो नियम आला १९७३ साली. लूच्या वेळी दोनच मार्ग होते. एक तर दोन्ही कामं करायची, नाहीतर बाकावर बसायचं. पहिल्या बेससाठी २६ वर्षांचा बेब डालग्रेन तयार होता.

मॅकार्थीला हे सगळं दिसत होतं. पण ज्यानं संघासाठी इतकं केलं, त्याचं नाव आपल्या हातानं खोडायचं त्याच्या जिवावर आलं. निर्णय त्यानं लूवरच सोडला. याला माया म्हणायची की चूक? तुम्हीच ठरवा.

एप्रिलच्या शेवटच्या सामन्यात लूनं एक अगदी साधा चेंडू अडवला आणि सोबत्यांनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं. तिथेच लूला कळून चुकलं. इतक्या सोप्या गोष्टीसाठी शाबासकी मिळते, म्हणजे आपल्याकडून आता कोणाची काही अपेक्षाच उरलेली नाही.

२ मे १९३९. संघ डेट्रॉइटला होता. सामन्याआधी लू स्वतः मॅकार्थीकडे गेला आणि आज मला खेळवू नका, असं त्यानं सांगितलं. मग कप्तान म्हणून खेळाडूंची यादी पंचांकडे त्यानंच नेऊन दिली. त्या यादीत त्याचं नाव नव्हतं. सलग २,१३० सामन्यांची मालिका थांबली. समोरच्या संघाच्या प्रेक्षकांनीही टाळ्या वाजवल्या. बाकावर बसलेल्या लूचे डोळे भरून आले. त्या दिवशी डालग्रेननं होम रन मारला आणि यांकीज २२-२ असे जिंकले.

कारण वय नव्हतंच. १९ जूनला, त्याच्या छत्तिसाव्या वाढदिवशी, डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं : एएलएस. यात स्नायूंना हलवणाऱ्या नसा हळूहळू निकामी होतात. ४ जुलैला यांकी स्टेडियम गच्च भरलं होतं. इतकं प्रेम मिळालं म्हणून मी भाग्यवान आहे, अशा अर्थाचं तो तिथे बोलला. त्याचा ४ क्रमांक यांकीजनं नंतर कोणालाच दिला नाही. मोठ्या लीगमध्ये असा मान मिळालेला तो पहिला खेळाडू. उरलेला हंगाम तो कप्तान म्हणून संघाबरोबर फिरला. बाकावर बसून त्यानं संघाला जगज्जेता होताना पाहिलं.

२ जून १९४१ रोजी लू गेला. पिपची जागा घेतली, त्या दिवसाला बरोबर सोळा वर्षं झाली होती. त्याचा विक्रम १९९५ साली कॅल रिपकननं मोडला. पण मला विचाराल तर २,१३० सामने खेळण्यापेक्षा पुढचा एक सामना न खेळणं जास्त अवघड होतं.

शब्दार्थ
चणचण – पैशांची कमतरता
राखीव – गरज पडेल म्हणून ठेवलेला
जिवावर येणे – एखादी गोष्ट करणे फार कठीण वाटणे
कळून चुकणे – पक्के समजणे

सांगा पाहू
१. पिप आणि लू यांच्या गोष्टीत कोणतं साम्य आहे?
२. मॅकार्थीच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? पाच वाक्यं लिहा.