दिसण्याआधी ऐकू आलेला नट

‘कासाब्लांका’चं नाव काढलं की बहुतेकांना हम्फ्रे बोगार्ट आठवतो, इन्ग्रिड बर्गमन आठवते, धुक्यातला विमानतळ आठवतो. मला आधी आठवतो तो कॅप्टन रेनो. जुगार चालतो म्हणून रिकचं कॅफे बंद करण्याचा हुकूम सोडतो आणि त्याच क्षणी त्याच टेबलावर जिंकलेले स्वतःचे पैसे खिशात टाकतो, तो फ्रेंच पोलीस अधिकारी. लाचखोर, बाईलवेडा, वारा येईल तशी पाठ फिरवणारा. तरी तो पडद्यावर आला की आपण सावरून बसतो. फिल्म सोसायटीच्या एका खेळाला मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला. बाहेर पडताना बोगार्टची नक्कल करणारे पुष्कळ होते. रेनोची नक्कल कुणाला जमत नव्हती, कारण त्याचं सगळं कसब आवाजात होतं. रेशमासारखा मऊ, किंचित घोगरा, आणि प्रत्येक शब्दाला तळाशी उपरोधाची एक कड.

हा आवाज होता क्लॉड रेन्स या इंग्रज नटाचा. या आवाजाच्या मालकाला लहानपणी स्वतःचं नावसुद्धा नीट उच्चारता येत नव्हतं.

१० नोव्हेंबर १८८९ रोजी लंडनच्या दक्षिण भागात, गरिबीत त्याचा जन्म झाला. बारा भावंडं, त्यांतली तिघंच जगली. वडील फ्रेड रेन्स नट होते, पण नटाच्या मिळकतीचा भरवसा किती असतो हे आपल्याकडच्या नाटकवाल्यांना वेगळं सांगायला नको. आई घरात भाडोत्री ठेवून संसार ओढायची. पोरानं शाळा लवकर सोडली, वर्तमानपत्रं विकली, चर्चमध्ये गाऊन चार पेन्स मिळवले. जीभ अडखळायची आणि ‘र’ तर उमटायचाच नाही. विल्यम क्लॉड रेन्स हा मुलगा आपलं नाव ‘विली वेन्स’ असं सांगायचा. शिवाय बोली अस्सल कॉकनी, म्हणजे लंडनच्या कष्टकरी वस्तीतली. त्या काळच्या इंग्लंडमध्ये माणसानं तोंड उघडलं की त्याची पायरी ठरायची. आपल्याकडेही ‘आनी-पानी’ म्हणणाऱ्या पोराला वर्गात हसणारे होतेच. तेव्हा हे दुःख आपल्याला परकं नाही.

दहा-अकरा वर्षांचा असताना तो गर्दीतला एक पोर म्हणून रंगमंचावर धावला आणि मग नाटकाच्या मागच्या दारातून कायमचा आत शिरला. हर्बर्ट बीरबोम ट्री हे त्या वेळच्या लंडन रंगभूमीवरचं बडं प्रस्थ, नट आणि नाटक कंपनीचे मालकही. त्यांच्या ‘हिज मॅजेस्टीज’ थिएटरात रेन्स कॉलबॉय झाला. कॉलबॉय म्हणजे प्रवेश जवळ आला की नटांच्या खोल्यांची दारं ठोठावत फिरणारा पोरगा. तिथून प्रॉम्प्टर, मग रंगमंच व्यवस्थापक. प्रॉम्प्टर म्हणून तो रोज रात्री विंगेत बसून मोठमोठ्या नटांचे शब्द ओठांत घोळवत होता. ट्रीसाहेबांनी या मुलात काहीतरी हेरलं आणि त्याचे उच्चार सुधारण्यासाठीच्या शिकवणीचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले. अडखळणं गेलं, कॉकनी गेली. जे इंग्रजी पुढे जगानं डोक्यावर घेतलं, ते त्यानं असं अक्षर-अक्षर करून कमावलं. आईच्या घरातली बोली पुसून टाकावी लागली याचं त्याला काय वाटलं असेल, हा विचार मात्र माझ्या मनातून जात नाही.

मग पहिलं महायुद्ध आलं. तो लंडन स्कॉटिश रेजिमेंटमध्ये भरती झाला. बेझिल रॅथबोन, रोनाल्ड कोलमन, हर्बर्ट मार्शल असे पुढे नावारूपाला आलेले नट याच रेजिमेंटमध्ये होते. १९१६ साली फ्रान्समध्ये विमी इथे विषारी वायूचा हल्ला झाला. रेन्सच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ संपूर्ण गेली आणि स्वरतंतूंनाही इजा झाली. साधा शिपाई म्हणून गेलेला माणूस कॅप्टन होऊन परतला, एक डोळा गमावून. घशात जो घोगरेपणा राहिला तोच पुढे त्याची ओळख बनला. डोळ्याचा मात्र त्यानं कधी बोभाटा केला नाही. पडद्यावर तो भुवई उंचावून तिरपं पाहतो तेव्हा आपण त्याला तोरा समजतो.

युद्धानंतर तो लंडनच्या रंगभूमीवर चमकला आणि ‘राडा’ या नाट्यशिक्षण संस्थेत शिकवूही लागला. ही संस्था १९०४ साली ट्रीसाहेबांनीच काढलेली. जॉन गिलगुड आणि चार्ल्स लॉटन हे त्याचे विद्यार्थी. ‘र’ न येणारा मुलगा इंग्लंडच्या पुढच्या पिढीला बोलायला शिकवत होता! १९२६च्या सुमारास त्यानं अमेरिकेची वाट धरली. न्यूयॉर्कच्या थिएटर गिल्डमध्ये भूमिका केल्या. १९३२ साली ‘द गुड अर्थ’च्या नाट्यरूपात चिनी शेतकरी वांग लुंगसुद्धा केला.

हॉलिवूडच्या सिनेमात यायला त्याला चाळिशी उलटावी लागली. त्याची पडदा-चाचणी साफ फसली होती. नाटकाच्या सवयीनं त्यानं सगळं मोठं मोठं केलं. पण दिग्दर्शक जेम्स व्हेल यांच्या कानावर त्या चाचणीतला आवाज पडला. एच. जी. वेल्सच्या कादंबरीवरच्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’साठी त्यांना चेहरा नकोच होता, आवाज हवा होता. १९३३च्या या चित्रपटात नायक पट्ट्यांमध्ये गुंडाळलेला तरी असतो नाहीतर हवेत विरलेला तरी. आपल्या ‘मिस्टर इंडिया’तला नायक लाल उजेडात तरी दिसतो, रेन्सचा चेहरा अगदी शेवटी, मृत्युशय्येवर, काही क्षण दिसतो. एवढ्यावर तो प्रसिद्ध झाला. चेहरा न दाखवता गाजलेला दुसरा नट मला पटकन सांगता येणार नाही.

पुढची दहा-बारा वर्षं म्हणजे त्याची सुगी. ‘रॉबिनहूड’मधला मिजासखोर प्रिन्स जॉन, ‘नाऊ, व्हॉयेजर’मधला शहाणा डॉक्टर, १९४३चा मुखवट्याआडचा ‘फँटम’. आपण ज्याला चरित्र अभिनेता म्हणतो त्याचं काम हेच असतं. गोष्ट नायकाची असते, पण तिला वजन यानं द्यायचं. ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’मध्ये जेम्स स्टुअर्टचा भाबडा सिनेटर घसा कोरडा होईपर्यंत बोलतो खरा, पण सत्य कुणामुळे बाहेर येतं? रेन्सच्या विकल्या गेलेल्या सिनेटरच्या मनाला टोचणी लागते म्हणून.

त्याच्या सगळ्या कामांत मला श्रेष्ठ वाटतं ते हिचकॉकच्या ‘नटोरियस’मधलं (१९४६). भूमिका नाझी कटवाल्याची, आणि समोर त्याच्याहून उंच इन्ग्रिड बर्गमन. हिचकॉकनं पायाखाली फळ्या घालून त्याची उंची वाढवली. पण खरी उंची त्यानं स्वतः वाढवली, कारण त्या चित्रपटात नायिकेवर उघड, जीव टाकून प्रेम करणारा माणूस हा खलनायकच आहे. नायक कॅरी ग्रँट तिला छळतो, संशय घेतो. हा विश्वास ठेवतो आणि फसतो. शेवटी नायक तिला जिन्यावरून खाली नेतो. साथीदार पाहताहेत, ओरडावं तर आपलंच बिंग फुटेल. गाडीचं दार लागतं आणि हा एकटा मागे वळून त्या उघड्या दाराकडे चालू लागतो. कॅसेटचा जमाना होता तेव्हा मी हा प्रसंग एकदा डोळे मिटून नुसता ऐकला. भीती, विनवणी, आणि तरी सुटत नसलेला अदबशीरपणा, सगळं आवाजात आहे.

सहायक अभिनेत्याच्या ऑस्करसाठी त्याचं नामांकन चार वेळा झालं आणि चारही वेळा तो रिकाम्या हातानं परतला. ‘मिस्टर स्मिथ’च्या वेळी थॉमस मिचेल जिंकला, ‘कासाब्लांका’च्या वेळी चार्ल्स कोबर्न, ‘मिस्टर स्केफिंग्टन’च्या वेळी बॅरी फिट्झजेराल्ड. या तिसऱ्या चित्रपटात त्यानं नाझी छळछावणीतून आंधळा होऊन परतलेला माणूस केला होता. चौथ्या वेळी, ‘नटोरियस’साठी, त्याला हरवलं हॅरल्ड रसेल यानं. रसेल व्यावसायिक नट नव्हता. सैन्यात असताना स्फोटात दोन्ही हात गमावलेला जवान होता आणि ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’मध्ये त्यानं स्वतःसारखाच सैनिक साकारला होता. त्याचं बक्षीस योग्यच होतं. पण युद्धाची जखम सगळ्यांसमोर धरणारा जिंकला आणि तीच जन्मभर झाकून अभिनय करणारा हरला, हा योगायोग मला चटका लावून जातो.

पैसा मात्र त्यानं मिळवला. शॉच्या नाटकावरच्या ‘सीझर अँड क्लिओपात्रा’साठी (१९४५) दहा लाख डॉलर घेणारा पहिला नट अशी त्याची नोंद केली जाते. हा पैसा त्यानं हॉलिवूडच्या मेजवान्यांत उधळला नाही. पेनसिल्व्हेनियात शेकडो एकर जमीन असलेला मळा घेतला आणि तिथे खरोखर शेती केली. लग्नं मात्र सहा, त्यांतली पाच मोडली. घरच्या आघाडीवर हा माणूस सुखी होता असं म्हणवत नाही. मुलगी जेसिका १९३८ साली झाली. तिनं सांगितलेली एक आठवण मोठी गोड आहे. १९५०च्या सुमारास जवळच्या गावात ‘द इन्व्हिजिबल मॅन’ लागला म्हणून तो तिला घेऊन गेला. कडाक्याची थंडी, अंगावर कोट, डोक्यावर हॅट, तोंडाभोवती मफलर. त्यानं तिकिटं मागितली आणि नुसत्या आवाजावरून खिडकीवरच्या माणसानं त्याला ओळखलं! पैसे घेईना. रेन्स भडकला, पूर्ण पैसे देऊनच आत गेला.

१९५१ साली, एकसष्टीत, तो ब्रॉडवेवर परतला. आर्थर कोस्लरच्या कादंबरीवरच्या ‘डार्कनेस अ‍ॅट नून’ या नाटकात त्यानं स्वतःच्याच पक्षाच्या तुरुंगात सडणारा म्हातारा क्रांतिकारक उभा केला. त्यासाठी टोनी पारितोषिक मिळालं, आणि तेही सहायक म्हणून नव्हे, प्रमुख अभिनेता म्हणून.

१९६२च्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’त तो पडद्याआडून सूत्रं हलवणारा मिस्टर ड्रायडन आहे. हा चित्रपट आपल्याकडच्या प्रेक्षकांनी आय. एस. जोहरसाठीही पाहिला; वाळवंटातून वाचवला जाणारा गासिम तो. १९६४ साली सहावी पत्नी रोझमेरी कर्करोगानं गेली. त्यानंतर रेन्स न्यू हॅम्पशायरमध्ये एकटा राहिला आणि ३० मे १९६७ रोजी, सत्त्याहत्तराव्या वर्षी, तिथेच वारला.

अखेरच्या काळात त्यानं जोनाथन रूट नावाच्या पत्रकाराला बसवून आयुष्याची हकिगत सांगितली होती, टेपरेकॉर्डरपुढे, तासन् तास. पण आधी एक गेला, मग दुसरा, आणि पुस्तक राहूनच गेलं. २००८ साली डेव्हिड स्काल यांनी जेसिकाच्या मदतीनं त्याचं चरित्र लिहिलं, तेव्हा त्या जुन्या फिती कामी आल्या.